धर्मग्रामाची शाळा : परवानगीपासून पगारापर्यंत

धर्मग्रामाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक मागणी हमखास होते. चर्चची स्वतःची इंग्रजी माध्यमाची शाळा केव्हा निघणार, असे कोणीतरी उभे राहून विचारतो. लगेच दुसरा जागा सुचवतो, तिसरा आखातात नोकरीला असलेल्या तरुणांकडून देणग्या मिळवून देण्याचे आश्वासन देतो, टाळ्या पडतात आणि ठराव इतिवृत्तात नोंदला जातो. भाविकांच्या उदारपणामुळे दोन-चार वर्षांत इमारत उभी राहिल्याचीही उदाहरणे आहेत. खरी अडचण इमारतीच्या आशीर्वादविधीनंतर सुरू होते. इमारत एकदाच बांधावी लागते. शिक्षकांचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, आणि ज्याच्या हातून तो पगार येतो त्याच्या अटीही त्याबरोबर येतात. सरकारच्या पैशाला सरकारच्या अटी असतात, पालकांच्या पैशाला पालकांच्या अपेक्षा असतात. या दोहोंच्या कात्रीत ज्या गरीब मुलासाठी शाळा काढली असे आपण म्हणतो, त्याची जागा कोठे राहते, हा प्रश्न ठराव करताना क्वचितच विचारला जातो. शाळा काढू इच्छिणाऱ्या धर्मग्रामांना आणि जुनी शाळा चालविणाऱ्या व्यवस्थापक धर्मगुरूंना उपयोगी पडावी अशी माहिती येथे एकत्र देत आहोत.

ख्रिस्तसभेची विधीसंहिता

१९८३ च्या विधीसंहितेत कॅनन ७९६ ते ८०६ शाळांविषयी आहेत. शाळा स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क ख्रिस्तसभेला आहे आणि अशा शाळांच्या उभारणीस व निर्वाहास यथाशक्ती साहाय्य करणे हे भाविकांचे कर्तव्य आहे, असे कॅनन ८०० सांगतो. ख्रिस्ती वृत्तीचे शिक्षण देणाऱ्या शाळा नसतील तेथे त्या निघाव्यात याची काळजी धर्मप्रांताच्या बिशपांनी घ्यावी, असे कॅनन ८०२ म्हणतो. कोणती शाळा कॅथलिक म्हणावी याचे उत्तर कॅनन ८०३ मध्ये आहे : जी सक्षम धर्माधिकाऱ्यांच्या किंवा ख्रिस्तसभेच्या सार्वजनिक संस्थेच्या संचालनाखाली आहे, अथवा जिला धर्माधिकाऱ्यांनी लेखी मान्यता दिली आहे. नावापुढे 'सेंट' लावून कोणाही गृहस्थाने काढलेली शाळा कॅथलिक ठरत नाही. आपल्या परिसरात अशा 'सेंट' शाळा बऱ्याच आहेत आणि तेथील शुल्काविषयीच्या तक्रारी मात्र पालक बिशप हाऊसकडे आणतात!

कॅनन ८०६ च्या दुसऱ्या परिच्छेदाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कॅथलिक शाळेतील अध्यापनाचा दर्जा परिसरातील इतर शाळांच्या किमान बरोबरीचा असावा, अशी जबाबदारी तो शाळाचालकांवर टाकतो. 'आपली शाळा आहे, चालवून घेऊ' ही वृत्ती त्यात बसत नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला. कॅथलिक शाळांनी गरिबांकडे, कुटुंबाच्या आधाराला पारख्या झालेल्यांकडे आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांकडे विशेष लक्ष पुरवावे, असे त्यात सुचविले आहे. या सूचनेकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आता मालकीचा प्रश्न. अनेक जुन्या शाळांची जागा भाविकांनी चर्चला दिलेली असते, इमारत धर्मग्रामाच्या निधीतून बांधलेली असते, तर शाळेची नोंदणी वेगळ्या संस्थेच्या नावावर असते. विधीसंहितेनुसार प्रमुख धर्मगुरू धर्मग्रामाचे प्रतिनिधित्व करतात आणि अर्थसमिती त्यांना साहाय्य करते. दिवाणी कायद्याच्या दृष्टीने मात्र १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले विश्वस्त उत्तरदायी असतात. त्या अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीशिवाय विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. बिनशेती जमीन तीन वर्षांहून आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. म्हणून शाळेची संस्था वेगळी करायची असेल, तर जमीन कोणाची, इमारत कोणाची, शाळा बंद पडल्यास वस्तू कोणाकडे जाणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर यायला हवे. प्रमुख धर्मगुरूंची बदली काही वर्षांनी होते आणि तोंडी समजुती त्यांच्याबरोबर निघून जातात.

अनुदान आणि तपासणी

मुंबई प्रांतात आज नावाजलेल्या कॅथलिक शाळांपैकी काही अव्वल इंग्रजी अमदानीतल्या आहेत. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चे, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट १८६७ चे, मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९ चे. त्याआधी १८५४ साली वूड यांच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली होती. मात्र या अनुदानाबरोबर सरकारी तपासणीही स्वीकारावी लागे. गेली १७० वर्षे मिशनच्या शाळांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या एका सौद्याचा इतिहास आहे.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद ३० (१) ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. अनुदान देताना अल्पसंख्याकांची संस्था म्हणून राज्याने भेदभाव करू नये, असे ३० (२) सांगतो. या हक्काची व्याप्ती न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने ठरविली. केरळ शिक्षण विधेयकावर राष्ट्रपतींनी मत मागविले तेव्हा १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना भान दिले : कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही, पण हक्कच सोडून द्यावा लागेल अशी अट अनुदानाला जोडणेही योग्य नाही. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या दाव्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने कारभाराच्या स्वातंत्र्याला बळकटी दिली. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. विनाअनुदानित संस्थांना प्रवेश व प्रशासनात अधिक मोकळीक आहे; अनुदान घेणाऱ्या अल्पसंख्याक संस्थेने मात्र इतर समाजांतील विद्यार्थ्यांनाही वाजवी प्रमाणात प्रवेश दिला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

अल्पसंख्याक दर्जा मिळाला की कोणताही कायदा लागू होत नाही, असा समज आपल्याकडे काही विश्वस्तांमध्ये रुजला आहे. तो चुकीचा आहे. इमारतीची सुरक्षितता, स्वच्छता, शिक्षकांची किमान अर्हता, बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, मराठी विषय सक्तीचा करणारा २०२० चा कायदा, हे सर्व आपल्या शाळांनाही पाळावे लागते. राष्ट्रीय अल्पसंख्याक शिक्षणसंस्था आयोग २००४ च्या कायद्याने स्थापन झाला. तो आणि राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग दर्जाचे प्रमाणपत्र देतात. ते प्रमाणपत्र फाइलमध्ये असल्याची खात्री व्यवस्थापकांनी आजच करावी.

मुख्याध्यापकाची खुर्ची

महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवेचे नियमन १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली करते. नेमणूक, परिवीक्षा, सेवाज्येष्ठता, चौकशी, बडतर्फी असे सर्व काही त्यात आहे. नियमांची पायरी चुकली तर शिक्षक शाळा न्यायाधिकरणाकडे जातो आणि बहुधा जिंकतो. चौकशी समिती नीट न नेमल्यामुळे दोषी कर्मचारीही मागील वेतनासह कामावर परत आल्याचे व्यवस्थापकांनी पाहिले आहे.

या अधिनियमाच्या कलम ३ (२) मध्ये अल्पसंख्याक शाळांना एक महत्त्वाची सवलत आहे. मुख्याध्यापकाची निवड आणि आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींची निवड अधिनियमाच्या तरतुदींपासून मुक्त आहे. मात्र त्यांची नावे व्यवस्थापनाने शिक्षण संचालक वा उपसंचालकांना कळविलेली असली पाहिजेत. याच तरतुदीच्या आधारे आपल्या शाळांत सेवाज्येष्ठता बाजूला ठेवून धर्मगुरू किंवा धर्मभगिनी मुख्याध्यापक होतात.

हा हक्क आहे आणि तो टिकायला हवा. तरीही तो वापरताना हात आखडता असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वीस-पंचवीस वर्षे इमाने इतबारे शिकविलेल्या प्रापंचिक शिक्षकाला डावलून नुकत्याच पदवीधर झालेल्या व्रतस्थ व्यक्तीला खुर्ची दिली की शिक्षकखोलीत जे मौन पसरते, ते मी ऐकले आहे. ती शाळा पुढची तीन वर्षे कागदावर आमची होती आणि मनाने कोणाचीच नव्हती. शाळेचे ख्रिस्ती स्वरूप मुख्याध्यापकाच्या झग्यावर अवलंबून असते, तर ते फार स्वस्तात मिळाले असते. शिवाय व्रतस्थांची संख्या आता पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि प्रत्येक शाळेला धर्मभगिनी देणे मठांना शक्य नाही. जाणत्या प्रापंचिकांना वेळीच तयार केले नाही, तर उद्या ही सवलत वापरायला माणूसच मिळणार नाही.

व्रतस्थांच्या पगाराचीही एक बाजू आहे. अनुदानित शाळेत शिकविणारे धर्मगुरू व धर्मभगिनी आपला पगार मठाच्या किंवा धर्मप्रांताच्या निधीत जमा करीत, आणि त्यातून अनेकदा शाळेचीच तूट भरून निघे. वैयक्तिक मालकी सोडल्याच्या व्रतामुळे या पगारातून प्राप्तिकर कापू नये, हा युक्तिवाद ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. केरळ व तामिळनाडूतून आलेली अपिले फेटाळली गेली आणि मुळातून करकपात कायम राहिली.

अनुदानित शाळेचे दुखणे

अनुदानित शाळेत मंजूर पदांचा पगार शासन देते. गरीब वस्तीतील धर्मग्रामाला हाच एक परवडणारा मार्ग होता आणि आपल्या जुन्या मराठी शाळा त्यावरच वाढल्या. परंतु पद मंजूर राहते ते पटसंख्येवर. दरवर्षीच्या संचमान्यतेत पट घसरला की तुकडी कमी होते, तुकडीबरोबर शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत करण्याचा आदेश येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. मे २०१२ मध्ये अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती थांबविण्यात आली. गणिताचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली, अशी स्थिती कित्येक शाळांनी अनुभवली. मग गणित शिकविले कोणी? धर्मग्रामाच्या पैशातून तुटपुंज्या मानधनावर ठेवलेल्या तरुण मुलीने. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शिपायासारखी चतुर्थश्रेणी पदे नियमित न भरता त्यांऐवजी ठोक भत्ता देण्याचे ठरले. वेतनेतर अनुदान वेळेवर आणि पुरेसे येत नाही. वीजबिल, छपराची दुरुस्ती, संगणक हे सारे संस्थेने पाहायचे, आणि शुल्क मात्र घेता येत नाही. थोडक्यात, अनुदानित शाळाही आता धर्मग्रामाला फुकट पडत नाही.

नवीन शाळेला तर हा मार्ग जवळजवळ बंदच आहे. २००० नंतर नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानग्या मिळू लागल्या. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला आणि टप्प्याटप्प्याने अनुदानाची आशा निर्माण झाली. त्या टप्प्यांची वाट पाहण्यात अनेक शिक्षकांची उमेदीची वर्षे गेली. २०१२ चा महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम आल्यापासून नवी शाळा काढणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असा नियमच झाला.

एक हिशेब

स्वतःच्या पायावर म्हणजे किती, याचा अंदाज ठराव करणाऱ्यांना असावा म्हणून येथे एक काल्पनिक उदाहरण मांडतो. पहिली ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, तुकडीत ४० मुले, म्हणजे एकूण ४०० विद्यार्थी. १४ शिक्षक आणि ३ शिक्षकेतर कर्मचारी धरू. शिक्षकाला महिना सरसकट ३०,००० आणि कर्मचाऱ्याला १५,००० रुपये दिले, तर महिन्याचा पगार ४,६५,००० आणि वर्षाचा ५५,८०,००० रुपये होतो. भविष्य निर्वाह निधीतील संस्थेचा वाटा दरमहा प्रत्येकी १,८०० रुपये धरला तर वर्षाला सुमारे ३,६७,००० रुपये. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी दर वर्षी पंधरा दिवसांचे वेतन बाजूला ठेवायचे तर सुमारे २,६८,००० रुपये. एकूण ६२,१५,००० रुपये. ४०० मुलांत विभागले की दर मुलामागे वर्षाला साधारण १५,५०० रुपये. यात वीज, पाणी, प्रयोगशाळा, रंगरंगोटी, कर्जाचा हप्ता, काहीही धरलेले नाही.

आणि हा ३०,००० चा पगार तरी न्याय्य आहे का? सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० आणि प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता वगैरे वेगळे. म्हणजे आपण धरलेला पगार सरकारी पगारापेक्षा बराच कमी आहे. प्रत्यक्षात काही विनाअनुदानित शाळा याहूनही कितीतरी कमी देतात. सामाजिक न्यायाविषयी प्रवचन करणाऱ्या संस्थेने शिक्षिकेच्या घरसंसाराच्या जिवावर शाळा चालवावी, हे मला खटकते.

उपदानाचा विषय मुद्दाम काढला. शिक्षकांना उपदान लागू करणारी दुरुस्ती २००९ साली झाली ती ३ एप्रिल १९९७ पासून मागे लागू होईल अशी. खासगी शाळांनी तिला आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. ज्यांनी तरतूदच केली नव्हती त्यांना जुन्या निवृत्त शिक्षकांची देणी एकदम डोक्यावर आली. नवीन शाळेने पहिल्या महिन्यापासून हा निधी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि सभागृहाच्या वातानुकूलनासाठी त्याला हात लावू नये.

शुल्क वाढवून हे भागवू म्हणावे, तर २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीबरोबर ठरवावे लागते. हे मला योग्य वाटते. हिशेब उघडा ठेवला तर पालक समजून घेतात. ज्या शाळांनी आकडे झाकून ठेवले, त्यांनाच मोर्चे पाहावे लागले. परदेशी साहाय्यावर भिस्त ठेवण्याचे दिवसही सरले. परदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घेण्याचे आणि दुसऱ्या संस्थेकडे न वळविण्याचे बंधन आले.

पंचवीस टक्के

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१० पासून सुरू झाली. त्यातील कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अनुदानित असो वा विनाअनुदानित, अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू होत नाही असे ठरले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. त्या प्रकरणात महाराष्ट्रातील एक अल्पसंख्याक संस्थाही पक्षकार होती. शिक्षक पात्रता परीक्षा अल्पसंख्याक शाळांतील शिक्षकांना बंधनकारक आहे का, हाही मुद्दा त्यातच गुंतलेला आहे.

कायद्याचे जे होईल ते होवो. हे वगळले जाणे आपल्याकडे काही ठिकाणी सुटकेचा निःश्वास टाकून स्वीकारले गेले, याचे मला दुःख आहे. आपली संस्था कोणाला प्रवेश देते हे सरकारने ठरवू नये, एवढाच त्या संरक्षणाचा अर्थ होता. विश्वपरिषदेने ज्यांची आठवण करून दिली ती मुले दाराबाहेर ठेवण्याची मुभा त्यात नव्हती. वरील उदाहरणातल्या ४०० पैकी १०० मुलांना पूर्ण शुल्कमाफी दिली, तर उरलेल्या ३०० जणांवर बोजा १५,५०० वरून सुमारे २०,७०० रुपयांवर जातो. प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला पाच हजारांहून अधिक. हा फरक कोण सोसणार, याचे उत्तर ठरावात असले पाहिजे : धर्मग्रामाच्या पेटीतून किती, माजी विद्यार्थ्यांकडून किती, पालकांकडून किती.

मी एका धर्मग्रामात व्यवस्थापक असताना मासळी विकणाऱ्या एका बाईंनी मुलाच्या शुल्कात सवलत मागितली. अर्थसमितीत चर्चा झाली आणि आम्ही निम्मी सवलत दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा परत आला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्याचे नंतर कळले. त्याच वर्षी आम्ही ग्रोटोसमोर फरशी बसविली होती. तो खर्च अर्थसमितीने विनाचर्चा मंजूर केला होता आणि त्यावर सही माझीच होती.

माध्यमाचा पेच

शेजारच्या गोव्यात हा प्रश्न उघडपणे लढला गेला. १९९० मध्ये गोवा सरकारने प्राथमिक शाळांत कोकणी किंवा मराठी माध्यमालाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. धर्मप्रांताच्या शाळांनी तेव्हा कोकणी माध्यम पत्करले. कोकणीच्या दृष्टीने ती मोठी घटना होती. पण अनेक कॅथलिक पालक नाराज झाले आणि पैसेवाले विनाअनुदानित इंग्रजी शाळांकडे वळले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यावर भाषाप्रेमींची आंदोलने झाली आणि दरम्यान धर्मप्रांताच्या बहुतेक शाळा इंग्रजीकडे गेल्या. अनुदानाची अट बदलली तसे शाळेचे माध्यम बदलले. त्यात मुलाच्या मातृभाषेचा विचार किती झाला हे ज्याचे त्याने ठरवावे.

वसईत माध्यमाबद्दल सरकारने काही अट घातली नाही. येथे पेच आपणच निर्माण केला. सामवेदी, वाडवळी, कोळी बोलणारी आमची पिढी मराठी शाळेत शिकली, मराठीत मिस्सा ऐकत वाढली. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आता त्याच अंगणात एकाच कुंपणात दोन शाळा दिसतात : पुढच्या बाजूला विनाअनुदानित इंग्रजी शाळा, मागे अनुदानित मराठी शाळा. पुढची प्रवेशासाठी रांग लावते, मागची संचमान्यतेच्या दिवशी मुले मोजते. कॅथलिक कुटुंबे पुढे जातात. मागे उरतात ती आदिवासी पाड्यांवरची, वीटभट्टीवरच्या मजुरांची, स्थलांतरितांची मुले. 'मराठी शाळेत आता आपली मुलेच नाहीत, तर ती चालवायची कशाला?' असे अर्थसमितीत विचारले जाते.

यावर काही ठिकाणी तोडगा निघाला तो सेमी-इंग्रजीचा : माध्यम मराठी, गणित व विज्ञान इंग्रजीतून. शिक्षक चांगले असले तर तो यशस्वी होतो. इंग्रजी शाळेच्या शिलकीतून मराठी शाळेच्या रिक्त पदांचे मानधन द्यावे, प्रयोगशाळा व मैदान दोघींनी मिळून वापरावे, गणवेश एकच ठेवावा, असे उपाय करता येण्याजोगे आहेत. हिशेब वेगळे ठेवायचे आणि वस्तू सामाईक ठेवायच्या, एवढी शिस्त त्यासाठी लागते.

धर्मशिक्षण आणि इतरधर्मीय विद्यार्थी

संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) नुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आपल्या शाळांत कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण ही जुनी वाटणी आहे. प्रत्यक्षात कॅथलिक शिक्षकांची संख्या घटल्यामुळे धर्मशिक्षणाचा तास घ्यायला कोणी नसतो. आपली तरुण मुले अध्यापन पदविकेकडे वळत नाहीत, कारण त्यांनी शिक्षणसेवकाचे मानधन पाहिलेले असते. शाळा कॅथलिक आणि तिच्यात येशूविषयी चार वाक्ये सांगणारा कोणी नाही, अशी स्थिती असेल तर रविवारच्या धर्मशिक्षण वर्गावर सारा भार पडतो. कॅनन ८०५ प्रमाणे धर्मशिक्षकांच्या नेमणुकीस संमती देण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या प्रमुखांना आहे. तो वापरायला आधी उमेदवार हवेत.

एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ख्रिस्ती परंपरा इतरधर्मीय विद्यार्थ्यांवर लादू नयेत, परिपाठाच्या वेळी संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन व्हावे, शाळेत सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची खोली असावी, असे त्यांत आहे. देशाच्या काही भागांत कॅथलिक शाळांकडे संशयाने पाहिले जाते, हे या सूचनांमागचे वास्तव आहे. परंतु प्रार्थनेची खोली ही भीतीपोटी केलेली सोय आहे की शेजाऱ्याच्या मुलाविषयीचा आदर, हे मुलांना कळतेच. शिक्षक त्या खोलीत स्वतः जातात का, ते मुले पाहतात.

शाळेच्या परवानगीसाठी बिशप हाऊसकडे अर्ज करणाऱ्या धर्मग्रामांनी आराखड्याबरोबर आणखी काही कागद जोडावेत, अशी विनंती आहे. जमिनीचा सातबारा व मालकीविषयीचा करार, येत्या दहा वर्षांच्या पगाराचा अंदाज, उपदान निधीची तरतूद, शुल्कमाफीच्या जागा व त्यांचा पैसा कोठून येणार याचा तपशील, आणि एक किलोमीटरच्या परिसरातील विद्यमान शाळांची पटसंख्या. शेवटचा आकडा पाहिल्यावर काही ठराव मागे घ्यावेसे वाटतील. नवी शाळा न काढता शेजारच्या धर्मग्रामाच्या मराठी शाळेतील रिक्त जागेवर एक विज्ञानशिक्षक देण्याचा ठराव कोणी केला, तर तो अर्जही विचारात घेतला जावा.